पेन लिहिण्यासाठी की ठेवण्यासाठी?

लग्नात आलेली टॉवेल-टोपी पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर चढते, आणि ब्लाउजपीस किती घरं फिरतं याचा पत्ता कुणालाच नसतो. आमच्या अंबाजोगाईत आहेराची ही रीत जुनी आहे. त्यात वाईट काही नाही. पण ज्याला द्यायचं त्याच्यासाठी म्हणून त्यात काहीच नसतं, हे मला खटकायचं. आयटीआयमध्ये टर्नरच्या मुलांना लेथ शिकवण्यात माझी नोकरी झाली. निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत छोटा लेथ बसवला आणि लाकडाचे पेन कातून मित्रांना, भाचे-पुतण्यांना, व्याह्यांना द्यायला लागलो.

माझी थोरली बहीण शाळेत मराठी शिकवायची. फळ्यावरचं तिचं अक्षर अजून गावातले लोक आठवतात. तिला माझा हा उद्योग अर्धाच पटतो. मला मात्र तिचे आक्षेप टाळून पुढं जाता येत नाही, म्हणून आमचं बोलणं इथं मांडतो आहे.

ताई : तुझ्या पेनानं लिहितं कोण, ते मला सांग.

मी : सगळ्यांना आवडतात. पुण्याहून भाच्याचा फोन आला होता. ऑफिसात जो तो हातात घेऊन बघतो म्हणाला.

ताई : बघतो म्हणाला. मी लिहितं कोण, ते विचारलं. तुझे निम्मे पेन मला शोकेसमध्ये दिसलेत, काचेमागं, नातवाच्या ट्रॉफीशेजारी. मखमलीच्या डबीत घालून देतोस, मग दुसरं काय होणार? डबीत आलेली वस्तू माणूस डबीतच ठेवतो.

मी : जपून ठेवलं तर बिघडलं कुठं? टॉवेल-टोपी फिरते, हा पेन फिरत नाही. माझ्या हातचा आहे, हे ज्याला दिला त्याला माहीत असतं. तो दुसऱ्याला द्यायचं त्याच्या मनातही येत नाही.

ताई : फिरत नाही, पण चालतही नाही. लेखणी झिजली पाहिजे रे. दासोपंतांची पासोडी आठवते ना तुला?

अंबाजोगाईत लेखणीचा विषय निघाला की तो जुन्या संतकवींपाशी, मुकुंदराजांपाशी नाहीतर दासोपंतांपाशी जातोच. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधू’ शके १११०चा, म्हणजे ११८८ सालचा मानतात. दासोपंत त्यांच्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी जन्मले, १५५१ मध्ये, आणि १६१५ मध्ये इथंच गेले. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. ताईला मात्र ओढ पासोडीची. पासोडी म्हणजे पांघरायचं जाड कापड. चाळीसेक फूट लांब आणि चारेक फूट रुंद अशा कापडावर त्यांनी पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी घडते याचं विवेचन, लिहून काढलं, आकृत्यांसकट. रोज त्यांना ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी गोष्ट गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

ताई : चारशे वर्षं ते कापड राहिलं. ज्या बोरूंनी लिहिलं ते बोरू कुठे आहेत? टोक बोथट झालं की चाकूनं तासायचं, आखूड झाला की टाकायचा. एवढ्या लिखाणात किती बोरू संपले असतील! त्यांच्या घरी लेखणी संपायची आणि लिखाण उरायचं. तुझ्या पेनाचं उलट झालंय.

मी : पण तो बोरू तासायचा कोण? लिहिणाराच. रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास लिहिलाय, एकोणिसाव्या दशकातला पहिला. त्यात अक्षर कसं काढावं हे आहे, तसंच बोरू कसला निवडावा, शाई कशी, कागद कसा, हेही आहे. म्हणजे हत्यार तयार करणं हा लिहिण्याचाच भाग होता. शाईसुद्धा घरी व्हायची, काजळ आणि बाभळीचा डिंक खलून. तो भाग आता आपल्या हातून गेलाय. मी तेवढाच परत आणायला बघतोय.

ताई : तू आणतोस ते तुझ्यापुरतं. ज्याला पेन देतोस तो काय तासतो? सगळा आनंद तुझ्या पत्र्याच्या खोलीत संपतो. त्याच्याकडे पोचते ती डबी.

हे तिचं बोलणं मला सोडून देता आलं नाही. कातण्यात आनंद आहे हे खरंच आहे, आणि तो कसा आहे ते सांगितल्याशिवाय माझी बाजू पुरी होत नाही.

पाच इंच लांब आणि पाऊण इंच जाड असा चौकोनी ठोकळा घ्यायचा. पेनाचे दोन भाग होतात, म्हणून ठोकळ्याचे दोन तुकडे करायचे. पण आधी पेन्सिलीनं खूण करून ठेवायची, म्हणजे जोडताना लाकडाच्या रेषा पुन्हा एकमेकींसमोर येतात. मग मधोमध भोक. बारीक पेनाला ते सात मिलिमीटरचं लागतं. इथं घाई चालत नाही. ड्रिल जरा आत न्यायचं, बाहेर काढायचं, भुसा झाडायचा, पुन्हा आत. एका दमात दाबलं तर ड्रिल तापतं, भुसा कोंडतो आणि पलीकडच्या तोंडाला लाकूड फुटतं. भोकात पितळी नळी अराल्डाइटनं बसवून रात्रभर ठेवायची. सकाळी दोन्ही तोंडं नळीच्या काटकोनात घासायची, नाहीतर जोडल्यावर फट दिसते.

त्यानंतर मँड्रेलवर, म्हणजे नळ्या ओवायच्या सळईवर, चढवून कातणं. चौकोनी ठोकळा फिरताना पटाशीला कोपरे लागतात तेव्हा टकटक आवाज येतो. कोपरे जातात तसा तो कमी होत होत एकसारखा होतो, आणि मशीन बंद न करताही कळतं की आता लाकूड गोल झालं. आयटीआयमध्ये मी लोखंड शिकवलं. लोखंड मापाला उतरतं आणि गप्प बसतं. लाकडात एका बाजूला गाठ असते, दुसऱ्या बाजूला रेषा तिरकी पळते, आणि हाताला प्रत्येक वेळी नव्यानं विचार करावा लागतो. शेवटचा अर्धा मिलिमीटर धार ताजी करूनच उतरवायचा. मग काचपेपर, दीडशे नंबरपासून सहाशेपर्यंत. प्रत्येक नंबरानंतर मशीन थांबवून रेषांच्या दिशेनं हात फिरवायचा, म्हणजे गोल ओरखडे राहत नाहीत.

ताई : आणि वरून काय लावतोस?

मी : दोन रीती आहेत. एक फेविक्विकची. कागदावर थेंब घेऊन फिरत्या लाकडावर पातळ थर द्यायचे, एकावर एक. काचेसारखी चमक येते आणि वर्षानुवर्षं जात नाही. दुसरी चपडा लाख आणि मेणाची. चन्नपट्टणचे खेळणीवाले फिरत्या लाकडाला लाखेची कांडी दाबतात, घर्षणानं ती वितळून बसते. त्या रीतीचीच ही धाकटी बहीण म्हण. मी स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख फडक्यानं देतो. तिची चमक कमी, आणि घामानं ती उतरतेही.

ताई : मग दुसरीच दे. फेविक्विकचा थर म्हणजे लाकडावर प्लास्टिकच झालं की. बोटाला लाकूड लागायला हवं.

इथं मी तिच्या बाजूचा आहे. लाख-मेणाचा पेन वापरात राहिला तर घामानं आणि हाताच्या तेलानं त्याचा रंग गडद होत जातो, आणि तो न वापरता ठेवला तर तसाच फिका राहतो. कुणी लिहिलं आणि कुणी नुसतं ठेवलं, हे त्यामुळे पेन स्वतःच सांगतो.

ताई : बरं, क्लिप, टोक, आतलं फिरवायचं यंत्र?

मी : त्याचं किट विकत मिळतं.

ताई : कुठलं?

मी : बरीचशी बाहेरची असतात, चीनची, तैवानची.

ताई : मग याला हातानं केलेला पेन कशाला म्हणायचं? हातानं केलेला दांडा म्हण.

मी : दांडाच म्हण हवं तर. पण पेन लेथवर कातणं हे आपल्याकडे नवं नाही ताई. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, या गावाला मोमिनाबाद म्हणायचे, तेव्हा हैदराबादेत डेक्कन पेन स्टोअर्स निघालं, १९२८ साली. तिकडं राजमहेंद्रीला रत्नम यांनी १९३२ पासून एबोनाइटचे पेन कातायला घेतले. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. गांधीजींनी देशी वस्तूंचा ध्यास धरला आणि रत्नम यांनी देशी पेन करून दाखवला. गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या हस्ते तो पेन त्यांना गेला. तोही भेटच होता ना?

ताई : हो, आणि गांधीजींचं उत्तरही मला माहीत आहे. वर्ध्याहून लिहिलेलं, १६ जुलै १९३५चं. छोटंसं पत्र. त्यात आभार आहेत, आणि लगेच असं आहे की पेन मी वापरला आणि बाजारातल्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय वाटतो. आधी वापरला, मग मत दिलं. तुझ्या भाच्याच्या फोनमध्ये ‘वापरला’ हा शब्द होता का?

तो नव्हता. पण माझी बाजू तेवढ्यानं संपत नाही, कारण यंत्र उद्या बदलता येतं, रिफिल परवा बदलते. पेनातली जी गोष्ट बदलता येत नाही ती लाकूड आहे. आणि आमच्याकडचं लाकूड हा स्वतंत्र विषय आहे.

मराठवाड्यात माळवदाची घरं होती. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गार. स्लॅब आला तशी माळवदं उतरली आणि त्यांचं लाकूड जळणात गेलं नाहीतर भंगारवाल्याकडे. साग, कडुनिंब, बाभूळ, ज्याला जे परवडलं ते. कातणाऱ्याला हे लाकूड सोन्याचं आहे, आणि त्याचं कारण आठवणींच्याही आधी ओलीचं आहे. पितळी नळी आकसत नाही, लाकूड आकसतं. ओल राहिलेल्या लाकडाचा पेन श्रावणात केला तर तो वैशाखात नळीवरच उभा चिरतो, कारण आत जायला त्याला जागा नसते. माळवदाची तुळई कित्येक उन्हाळे पाहून बसलेली असते. तिला जेवढं आकसायचं तेवढं आकसून झालेलं असतं. फक्त खिळ्यांसाठी आधी लोहचुंबक फिरवून घ्यावा लागतो, नाहीतर पटाशीची धार जाते.

बाभूळ वेगळी. औताला, तिफणीला, गाडीच्या चाकाला शेतकरी बाभूळच घ्यायचा, कारण ती घासली जाते पण हार मानत नाही. आतला गाभा लालसर तपकिरी. पटाशीला दर थोड्या वेळानं धार लावायला लावते, पण एकदा गुळगुळीत झाली की पॉलिशची गरजच वाटत नाही. कडुनिंबाला भोक पाडताना कडू वास सगळ्या खोलीत भरतो. जुन्या चिंचेच्या पोटातला गाभा काळपट जांभळा निघतो, आणि त्याच्या कडेचं पिवळट लाकूड सोबत घेतलं तर एकाच पेनात दोन रंग येतात.

ताई : चिंच तोडून तर आणत नाहीस?

मी : नाही. चिंच, आंबा, जांभूळ ही १९६४च्या झाडतोड कायद्याच्या यादीतली झाडं, परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आणि मला लागतं किती? वादळात पडलेल्या एका फांदीत माझं वर्ष निघतं.

ताई : मावशीच्या माळवदाच्या तुळईचा जो पेन तू मला दिलास, तो माझ्याकडे आहे.

मी : वापरतेस?

ताई : नाही. तो बारीक आहे. माझी बोटं आता दुखतात, बारीक पेन घट्ट दाबून धरावा लागतो. पण ते लाकूड मला हवं होतं, म्हणून ठेवलाय. आता माझ्यावरून तू स्वतःला खरा ठरवू नकोस. मी लिहू शकले असते तर मला जास्त आवडलं असतं.

इथं आमचं बोलणं खऱ्या मुद्द्यावर आलं, असं मला वाटतं. पेन जपायचा की वापरायचा हा वाद वरवरचा आहे. प्रश्न असा आहे की पेन कातताना समोर काय असतं: लाकूड की लिहिणाऱ्याचा हात. लाकूड समोर असलं की त्याची रेघ उठून दिसावी म्हणून माणूस आकार ठरवतो. हात समोर असला की आधी विचारावं लागतं की हा माणूस किती लिहितो, कसा धरतो, कुठं बसून लिहितो. साधा प्लास्टिकचा पेन पाच-सहा ग्रॅमचा असतो. पितळी नळी आणि धातूचं किट घातलेला लाकडी पेन वीसच्या आसपास किंवा त्याहून जड. बँकेत सही करणाऱ्याला ते वजन आवडतं, सही ठाम वाटते. मेडिकल कॉलेजात दिवसभर केसपेपर लिहिणाऱ्या पोरीला तेच वजन संध्याकाळी मनगटात कळतं. सांधे दुखणाऱ्याला जाड आणि हलका पेन लागतो, कारण जाड वस्तू धरायला चिमटीत जोर कमी लागतो.

ताई : आणि रिफिल? ती कुठं मिळते?

मी : बारीक किटाची रिफिल आपल्याकडे सहज मिळत नाही. जाड किट घेतलं तर पार्करची बसते, ती कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात असते. म्हणून आता मी गावातल्या माणसांसाठी जाडच किट घेतो.

ताई : पार्करची रिफिल दहावीची पोरगी घेईल? तिला बसस्टँडसमोरच्या टपरीवर मिळेल ती हवी. मी सांगते ते ऐक. ज्यांना खरंच लिहायचंय अशा गावात कोण आहेत? नातेवाईक नव्हेत. दहावीच्या पोरी. तीन-तीन तासांचे पेपर हातानं लिहितात. परीक्षेत अजून कुणी टाइप करत नाही. माझ्या जुन्या शाळेतल्या पोरींना पेन करून दे. किट नको, डबी नको, क्लिपही नको. नुसतं लाकूड आणि आत साधी प्लास्टिकची रिफिल.

मी : एकदम इतके पेन? ताई, एक एक करून, माणूस डोळ्यांपुढं आणून मी पेन करतो. ढिगानं केले की ते भेट राहत नाहीत, वाटप होतं. मग टॉवेल-टोपीत आणि त्यात फरक काय?

ताई : फरक हा की त्या लिहितील.

मी : मी हात बघितल्याशिवाय करणार नाही.

ताई : मग बघ की. शाळेत ये. मी बत्तीस वर्षं पोरींचे हात बघितलेत. काही जणी अंगठा आत दुमडून धरतात, काही तर्जनीवर इतका जोर देतात की पेर पांढरं पडतं. तीन-चार जाड्या ठरवल्या तर सगळ्यांचं भागेल.

बिनकिटाच्या पेनाची ताईची ही कल्पना लेथवाल्याच्या नजरेतून सोपी नाही, पण अवघडही नाही. साध्या रिफिलची जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास असते. एवढं बारीक भोक पेनाच्या लांबीभर सरळ पाडणं कठीण, ड्रिल लाकडाच्या रेषेमागं पळतं आणि कडेतून बाहेर येतं. त्यापेक्षा पेन्सिलीची रीत बरी: दोन पट्ट्या घ्यायच्या, दोन्हींना मधोमध अर्धगोल खाच पाडायची, खाचेत सरळ तार ठेवून त्या डिंकानं चिकटवायच्या, डिंक धरला की तार ओढून काढायची आणि मग कातायचं. तारेला मेण चोळलं की ती अडकत नाही. पितळ नाही, म्हणून लाकूड आकसलं तरी चिरायचं भय कमी. बाभळीचा असा पेन बोटाला नीट बसेल एवढा जाड ठेवला तरी दहा ग्रॅमच्या आत राहतो. रिफिल पुढून घालायची, संपली की ओढून काढायची. एक अडचण उरते. रिफिल किती घट्ट बसावी हे वाळत्या लाकडावर सोडून चालत नाही, म्हणून तोंडाशी थोडं मोकळं ठेवून कागदाची पट्टी गुंडाळायला शिकवावं लागेल. ती पट्टी गुंडाळणं प्रत्येकीनं स्वतः करायचं. तासण्याचा तेवढा भाग तरी त्यांच्या हातात जाईल, आणि ताईच्या बोरूच्या आक्षेपाला माझं उत्तर तेच आहे.

ताई : हे छान. आणि पेनावर नाव कोरू नकोस.

मी : नाव तर कोरणारच. प्रत्येकीचं. नाहीतर तो तिच्यासाठी केलाय हे तिला कळणार कसं?

ताई : नाव कोरलं की ती परीक्षेला नेणार नाही. हरवेल म्हणून आई कपाटात ठेवेल. बिननावाचा दे. हरवला तर हरवला, ज्या पोरीला सापडेल ती लिहील.

मी : हरवण्यासाठी मी कातत नाही ताई.

नावावर आमचं अजून जमलेलं नाही. मी वर्गात जाऊन हात बघून आलो आहे, चार जाड्या ठरवल्या आहेत, आणि माळवदाच्या एका तुळईच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत. पेन दिवाळीच्या सुट्टीआधी द्यायचे आहेत, म्हणजे सराव परीक्षेत त्यांना लिहून बघता येईल आणि ज्यांना जाड-बारीक वाटतील त्यांना बोर्डाच्या पेपरांआधी बदलून देता येतील. ताई म्हणते, बदलून मागायला किती जणी येतात ते मोज. त्या आल्या, तर त्यांनी वापरून बघितला असं ती धरणार आहे.